सूर लागला पाहिजे!

सूर लावणे हा प्रकार आम्हा गिरगावकरांना नवा नाही. ऑपेरा हाउसपाशी प्रा. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये संगीताचे विद्यालय काढले. आणि त्याच्या आधीही या भागातल्या चाळींत तंबोऱ्याच्या खुंट्या पिळणारे हात पुष्कळ होते. मैफलीला गेलेल्या पोराटोरांची तक्रार एकच असते, ‘गाणे कधी सुरू व्हायचे?’ त्यांना कुणीतरी सांगावे लागते की, बाबांनो, तंबोरा लागल्याखेरीज गवई तोंड उघडत नाही, आणि लागला की नाही हे ठरवणारा कान एका दिवसात तयार होत नाही.

आता कुणी म्हणेल, हे दिवाळीच्या अंकात गाण्याचे काय काढलेत? तर गाण्याचे नव्हे, वाचकहो, मोटारीचे. इंजिनालाही सूर लावावा लागतो. साहेबाने त्याला ‘ट्यूनिंग’ हाच शब्द वापरला, आणि आमच्या मुंबईच्या गॅरेजांनी त्याचे ‘टूनिंग’ करून टाकले. गाडी टूनिंगला टाकली म्हणजे कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. पॉइंटची फट पोस्टकार्डाच्या कडेने मोजायची. आणि ज्याला उस्ताद लोक अजून ‘डेल्को’ म्हणतात तो डिस्ट्रिब्युटर हाताने केसभर फिरवून इंजिनाचा आवाज ऐकत राहायचे. ठाकूरद्वारच्या गल्लीबोळांत असे कान असलेले मिस्त्री एके काळी बरेच होते. त्यातले एक अजून आहेत. सत्तरी उलटली आहे, गॅरेज बंद केले आहे, पण कान शाबूत आहे. त्यांची गाठ माझ्या भाच्याशी पडली, आणि तीच हकिकत या वर्षी या सदरासाठी मी राखून ठेवली होती.

आमचे भाचेबुवा इंजिनिअर आहेत. वडिलांच्या, म्हणजे माझ्या मेहुण्यांच्या, मागे त्यांच्याकडे जी इस्टेट आली तीत मुख्य जिन्नस एक पद्मिनी मोटार. फिएट कंपनीची ११०० जातीची गाडी आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होई; तिचेच नाव १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. मेहुण्यांनी ती १९८८ साली नंबर लावून, वाट पाहून आणि प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून घेतली. ती गाडी आली त्या दिवशी चाळीत पेढे वाटले होते. आमच्या धाकट्या बहिणीचे उरलेले आयुष्य त्या गाडीच्या डाव्या सीटवर बसून गेले असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मेहुणे गेल्यावर ती कुठे गेली नाही, पण दर रविवारी खाली उतरून गाडी पुसते.

अशा या गाडीवर भाचेबुवांनी एक दिवस चहा पिता पिता बाँब टाकला.

“मामा, मी बाबांच्या गाडीला सुपरचार्जर बसवणार आहे.”

बहीण आतून चकलीची भाजणी चाळत होती. चाळणीचा आवाज थांबला. ती दारात येऊन मला म्हणाली, “दादा, याला विचार तरी, ते काय असतं आणि त्यानं गाडीचं काय होतं.”

मला विचारायला सांगितले म्हणून मी विचारले, आणि त्या विचारण्यातून जे कळले ते तुम्हालाही सांगतो. कारण आज आपल्या प्रत्येकाच्या दारातल्या गाडीत हीच विद्या भरलेली आहे आणि आपण तिच्याविषयी फारसे काही जाणत नाही.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ते हवेवर चालते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे मापाने जवळजवळ साडेबारा हजार लिटर! पद्मिनीचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. मिनिटाला ५००० फेरे घेताना ते साधारण २३०० लिटर हवा आत ओढते. चाळीच्या गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या दर मिनिटाला रिकाम्या होतात असे समजा. पेट्रोल वाटेल तेवढे ओतता येईल, पण तितकी हवा नसेल तर काळा धूर निघण्यापलीकडे काही व्हायचे नाही. ताकद हवी तर आधी हवा हवी. उलट प्रचीती पाहायची असेल तर महाबळेश्वरला जा. समुद्रसपाटीपासून १३०० मीटरांवर हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी असतो, आणि तिथे जुनी कार्ब्युरेटरची गाडी दमेकऱ्यासारखी का चालते याचे कोडे सुटते.

मग हवा बळेच कोंबली तर? हीच युक्ती. लोहाराचा भाता काय करतो? निखाऱ्याला जास्त हवा देतो. १८६० मध्ये अमेरिकेतील इंडियाना प्रांतात रूट्स नावाच्या दोघा भावांनी हवा ढकलणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. एका डब्यात आठाच्या आकड्यासारखे दोन फिरते लाट, एकमेकांना न चिकटता फिरणारे. त्या काळी त्याचा उपयोग भट्ट्यांना आणि खाणींना वारा घालायला होई. पुढे मोटारवाल्यांनी तोच भाता इंजिनाला जोडला. १९२१ साली मर्सिडीज कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात ‘कॉम्प्रेसर’वाल्या गाड्या मांडल्या. इंजिनाच्याच पट्ट्यावर किंवा दातेरी चाकांवर फिरतो तो सुपरचार्जर. सायलेन्सरकडे जाणाऱ्या जळक्या धुराच्या जोरावर फिरतो तो टर्बो. भात्याचे काम दोघांचेही एकच.

आपल्या मराठी माणसांचाही या भात्याशी संबंध आहे बरे का! इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर, दुसरे, यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग गाडी मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून अंग चढवून घेतले. त्या इंजिनाला एका ओळीत आठ सिलिंडर, जवळजवळ सात लिटर मापाचे. भात्याशिवाय २६५ आणि भात्यासकट ३२० अश्वशक्ती असा कंपनीचा दावा होता. पुढे पुण्याला मर्सिडीजच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, त्यांतही ‘कॉम्प्रेसर’ अशी अक्षरे मागे मिरवणाऱ्या गाड्या होत्या. थोडक्यात, भाता संस्थानिकांचा होता तो हळूहळू सोसायटीच्या आवारात आला.

“मग बिघडलं कुठे?” मी भाच्याला विचारले. “लाव की भाता.”

“बिघडतं ते इथेच, मामा. भाता लावणं सोपं आहे. सूर लावणं कठीण.”

सायकलला हवा भरताना पंपाचे नळकांडे तळाशी गरम होते, हे प्रत्येक पोराला ठाऊक असते. हवा दाबली की ती तापते. मुंबईची ३३ अंशांची हवा साध्या भात्याने वातावरणाच्या दाबाच्या १.४ पट दाबली की ती ८०-९० अंशांना जाते. ही कढत हवा पेट्रोलसह सिलिंडरमध्ये शिरते, तिथे पिस्टन तिला आणखी चेपतो, मग ठिणगी पडते. ठिणगीपासून ज्योत शांतपणे पसरत गेली तर ठीक. पण कोपऱ्यात उरलेले मिश्रण आधीच इतके तापलेले असले की ज्योत तिथे पोचण्याची वाटच पाहत नाही. ते आपणहून एकदम भडकते. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळवावेत तसा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. जुन्या माणसांनी खंडाळ्याच्या घाटात चौथ्या गिअरमध्ये हट्टाने गाडी चढवताना तो ऐकला असेल. साध्या इंजिनात तो वाजला तर गिअर बदलावा, थांबतो. भात्याच्या इंजिनात तो काही सेकंद चालू राहिला तर पिस्टनची कड वितळते, हेड गॅस्केट फुटते आणि खेळ खलास.

म्हणजे ठिणगी केव्हा पाडायची याला महत्त्व आले. ज्योत पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याच्या थोडी आधी ठिणगी पाडावी लागते. चर्चगेटहून येताना चर्नी रोडला उतरायचे तर मरीन लाइन्स सुटल्यावरच दाराकडे सरकायला लागावे, तसेच. गाडी जलद असेल तर आणखी आधी सरकावे. पण मागून गर्दीचा रेटा असेल तर? मग उशिरा सरकले तरी चालते. उलट घाई केलीत तर स्टेशन येण्यापूर्वीच बाहेर पडाल. भात्याने दाबलेले मिश्रण दाट असते, चटकन जळते. तिथे ठिणगी उशिरा पाडायची. साध्या चालीला तीस अंश आधी चालेल, पण भात्याच्या जोरात तीच पंधरा-अठरा अंशांवर आणावी लागते. आणि हा हिशेब किती नाजूक? ५००० फेऱ्यांना इंजिनाचा एक अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे तीस हजारावा भाग!

हे सगळे डेल्कोमधल्या दोन स्प्रिंगा आणि वजने कशी सांभाळणार? इथे संगणक येतो. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९७९ साली बी.एम.डब्ल्यू.च्या एका गाडीत पेट्रोल आणि ठिणगी ही दोन्ही कामे एकाच इलेक्ट्रॉनिक पेटीकडे दिली. तिच्या आधी १९७६ मध्ये व्होल्वो गाडीत धुरातला प्राणवायू हुंगणारे ‘लॅम्डा’ नावाचे नाक बसवले होते. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे २००० सालानंतर कार्ब्युरेटर नव्या गाड्यांतून गेले आणि ही पेटी प्रत्येक गाडीत आली. मात्र कंपनीची पेटी कुलूपबंद. जिचे आकडे आपल्याला बदलता येतात अशी पेटी हौशी लोक वेगळी घेतात. अमेरिकेतल्या बोलिंग आणि ग्रिपो या दोघांनी तर घरी डाग देऊन जोडता येईल अशा पेटीचा आराखडाच जगाला दिला, ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा. भाचेबुवांनी तिचे सुटे भाग जमवायला लॅमिंग्टन रोडच्या इतक्या फेऱ्या घातल्या की दुकानदार त्यांना उधारी द्यायला लागले.

पेटीच्या आत काय असते, असे बहिणीने विचारले. भाच्याने लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. पडद्यावर सोळा रांगा आणि सोळा ओळींचे एक कोष्टक होते. ती पाहून म्हणाली, “ही तर ठिपक्यांची रांगोळी!”

याहून चांगली उपमा मला देता आली नसती. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत हवेचा दाब. सोळा गुणिले सोळा, दोनशेछप्पन्न ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर एक आकडा: या फेऱ्यांना, या दाबाला, इंजिन किती हवा घेते. दुसऱ्या रांगोळीत ठिणगीचे अंश. इंजिन दोन ठिपक्यांच्या मध्ये असेल तर पेटी त्यांना जोडणारी रेघ स्वतः काढते. हवेचे तपमान, इंजिनाच्या पाण्याचे तपमान यांचे नियम वेगळे. सूर लावणे म्हणजे हे ठिपके एकेक करून खरे करणे.

बहिणीने सगळे ऐकून घेतले आणि निकाल दिला. “कर काय करायचं ते. पण बाबांच्या इंजिनाला हात लावायचा नाही.”

भाचा थोडा हिरमुसला. पण कायदाही आईच्याच बाजूने निघाला. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. भाता लावलेली पद्मिनी रस्त्यावर काढली असती तर नोंदणीपासून विम्यापर्यंत सगळ्याचा प्रश्न आला असता.

वाट निघाली ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जातच रस्त्यावरून गेली. त्यांची इंजिने कुर्ल्याच्या भंगारात वजनावर मिळू लागली. भाच्याने त्यातले एक आणले. ठाकूरद्वारचे आमचे मिस्त्री पुन्हा बाह्या सरसावून बसले; इंजिन उघडले, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासले. जपानी छोट्या गाडीतला एक जुना भाता मिळाला. या इंजिनात पिस्टनचा दाब मुळातच आजच्या गाड्यांपेक्षा कमी, जुन्या हलक्या पेट्रोलसाठी केलेला, म्हणून भात्याला ते सोयीचे. पण क्रँक अवघ्या तीन बेअरिंगांवर फिरतो, तेव्हा दाब वातावरणाच्या १.४ पटीपुढे न्यायचा नाही, असे मिस्त्रींनी सुरुवातीलाच बजावले.

हे इंजिन गाडीत न बसवता एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, रीतसर परवानगी घेऊन, ब्रेकच्या बाकावर बसवले. त्या बाकाला डायनमोमीटर म्हणतात. पाण्याच्या ब्रेकने तो इंजिनाला अडवून धरतो आणि किती ताकदीने ते लढते हे मोजतो. हा बाक नसता तर रांगोळीच्या वरच्या रांगा भरताच आल्या नसत्या. कारण ओझे नसलेल्या इंजिनाला भात्याचा दाब चढत नाही.

एका रविवारी मिस्त्री आणि मी दोघेही गेलो. भाच्याने कामाची जी रीत पाळली ती मला आवडली. आधी इंजिन चालूच केले नाही. स्टार्टरवर नुसते फिरवून, चमकता दिवा क्रँकच्या खुणेवर धरून, पेटी म्हणते त्याच अंशावर ठिणगी पडते की नाही ते पाहिले; कारण मूळ शून्यच चुकले तर पुढचे सगळे आकडे खोटे. मग मंद चाल. मग भात्याचा दाब येण्याआधीचे ठिपके, खालून वर, डावीकडून उजवीकडे. प्रत्येक ठिपक्यावर इंजिन धरून ठेवायचे, लॅम्डाचे नाक काय सांगते ते पाहायचे, आकडा दुरुस्त करायचा, पुढे जायचे. आणि हे करताना तो हवेचे प्रमाण पाहत नव्हता, लॅम्डाच पाहत होता. मी कारण विचारले.

“पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे, मामा. इथेनॉलला हवा कमी लागते. १४.७ हा आकडा शुद्ध पेट्रोलचा. या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. लॅम्डा एक म्हणजे बरोबर, मग इंधन कोणतंही असो.”

ज्यांच्याकडे अजून कार्ब्युरेटरची गाडी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. आपल्याच साखर कारखान्यांतल्या उसाचे इथेनॉल त्या टाकीत येते ही आनंदाची गोष्ट; पण जुन्या कार्ब्युरेटरचे जेट ठरावीक मापाचे असते. ते तितकेच इंधन सोडते आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी कोरडे पडते. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने खराब होतात. नळ्या बदलून घ्या, आणि जेटचे माप जाणत्या मिस्त्रीला दाखवा.

दुपारनंतर भात्याच्या रांगा सुरू झाल्या. मिश्रण मुद्दाम ओले ठेवले होते, ठिणगी चोवीस अंशांवर. पडद्यावर सगळे हिरवे. ताकदीचा काटा चढत होता. भाच्याचा चेहरा दिवाळीच्या पहाटेसारखा झाला होता. “अजून एक रांग,” तो म्हणाला.

मिस्त्री कोपऱ्यात लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून उभे होते. ते एकदम ओरडले, “बंद कर! ए बाबा, बंद कर आधी!”

“काका, सगळं ठीक दाखवतंय...”

“तुझं दाखवतंय ठीक. माझ्या कानात खडे वाजतायत.”

भाच्याचा हात क्षणभर अडखळला. पडद्यावर विश्वास ठेवावा की सत्तर वर्षांच्या कानावर? त्या क्षणाला त्याच्या दोन वर्षांच्या पगारातली शिल्लक त्या बाकावर फिरत होती. त्याने बटण दाबले. इंजिन थांबले.

प्लग काढले. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरीपुडीसारखे बारीक ठिपके होते. त्यातले काही चकाकत होते. चकाकणारे ठिपके म्हणजे पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम. आणखी अर्धा मिनिट गेले असते तर प्लगऐवजी पिस्टन पाहावा लागला असता.

मग शोध सुरू झाला, आणि तासाभराने कारण सापडले. हवेचे तपमान मोजणारी कळ भात्याच्या अलीकडे, हवा आत येते त्या तोंडाशी बसवली होती. ती बिचारी खोटे बोलत नव्हती. तिच्यापाशी हवा ३४ अंशच होती! भात्याच्या पलीकडे तीच हवा कढत होऊन जात होती याचा पेटीला पत्ताच नव्हता. मिश्रण बरोबर दिसत होते, कारण ते भाच्याने लॅम्डा पाहून हाताने जुळवले होते. पण ‘हवा तापली की ठिणगी मागे घे’ हा नियम पेटीत लिहिलेला असूनही एकदाही लागू झाला नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना दारातल्या पाहुण्याने ‘सगळे खुशाल’ सांगावे आणि आतल्या खोलीत ताप चढत जावा, तशी गत.

कळ भात्याच्या पुढे बसवली. पुढच्या खेपेला तिने ८६ अंश दाखवले. तेव्हा भंगारातल्या एका डिझेल गाडीचा इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटरच म्हणा, आणून मधे घातला आणि त्याच्यापुढे पंखा लावला. आकडा पन्नाशीत आला. ठिणगी सतरा अंशांवर. आणि या वेळी प्रत्येक रांगेनंतर दोन गोष्टी होऊ लागल्या: भाचा संगणकात साठवलेली नोंद ओळीओळीने वाचायचा, आणि मिस्त्री प्लग काढून उजेडात धरायचे. दोघांचेही ‘हो’ आल्याशिवाय पुढची रांग नाही. गवयाने तंबोरेवाल्याकडे आणि तंबोरेवाल्याने गवयाकडे पाहावे तसे ते दोघे एकमेकांकडे पाहत होते.

मूळचे चाळीसेक अश्वशक्तीचे इंजिन संध्याकाळी ५१ वर थांबले. भाच्याला साठ हवे होते. मिस्त्री म्हणाले, “बाळा, साठ निघतील. एकदाच निघतील.” त्यावर भाचा हसला आणि त्याने लॅपटॉप मिटला. मला त्या एकावन्नपेक्षा ते लॅपटॉप मिटणे जास्त मोलाचे वाटले.

आता या हकिकतीतून संसारी वाचकाने काय घ्यावे? सुपरचार्जर कुणी बसवायला जाणार नाही, हे मी धरून चालतो. पण आजकाल “तुमच्या गाडीचा मॅप बदलून देतो, दहा-वीस अश्वशक्ती वाढवतो, एका तासाचे काम” असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि घरातल्या तरुण मंडळींना ते गोड वाटते. त्यांना तीन प्रश्न विचारा. ब्रेकच्या बाकावर मोजून देणार का? नॉकिंग कशाने ऐकणार? आणि माझी वॉरंटी, विमा आणि आर.टी.ओ. यांचे उत्तर कोण देणार? तीनपैकी एकाही उत्तरात चुळबुळ दिसली तर चहा पाजून निरोप द्यावा. गाडी घाटात खुळखुळली तर गिअर उतरवा, उगाच दामटू नका. आणि गाडीच्या पडद्यावर काही दिवा लागला नाही म्हणून आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. कळ कुठे बसवली आहे ते आपल्याला ठाऊक नसते.

ते एकावन्न अश्वशक्तीचे इंजिन भाच्याने त्या कॉलेजलाच ठेवून दिले. तिथली मुले त्याच्यावर रांगोळी भरायला शिकतात. प्लगवरचे चकाकते ठिपके दाखवायला तो तिसरा प्लग एका बाटलीत घालून फळीवर मांडला आहे. मिस्त्रींना महिन्यातून एकदा बोलावणे येते. ते भुयारी मेट्रोने न जाता बसनेच जातात. भुयारात इंजिनाचा आवाज येत नाही म्हणे.

आणि मेहुण्यांची पद्मिनी? ती जशीच्या तशी आहे. भाच्याने नळ्या बदलल्या, मिस्त्रींनी जेट बदलून पाव फेरा स्क्रू फिरवला, एवढेच. भाऊबीजेला आम्ही सगळे तिच्यातून लोणावळ्याला जायचे ठरवले आहे. घाटात पाण्याचे डबडे लागेल, चढावर सगळ्या जगाच्या गाड्या पुढे जातील. बहीण डाव्या सीटवर बसणार, हे न विचारताच ठरले आहे. भाचा गाडी हाकणार. मागच्या सीटवर फराळाच्या डब्यांशेजारी मिस्त्री आणि मी. त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे, वाटेत रेडिओ लावायचा नाही.